गोळी विरघळेपर्यंत

३ मार्च, मंगळवार

अगं ऐकतेस ना,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. मेलेलो नाही, तुरुंगात नाही, आणि तुझ्या दादांनी सांगितलं असेल तसा गटारातही पडलेलो नाही. दवाखान्यात होतो. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला मानसोपचाराचा वॉर्ड आहे, व्यसन सोडवणारे त्यातच बसतात. कालच घरी सोडलं. गेलो होतो स्वतःच्या पायांनी. म्हणजे अडत्याच्या टेम्पोतून गेलो, पण उतरलो स्वतःच्या पायांनी. अक्षर वाकडं आहे ते हात थरथरतोय म्हणून नाही, मांडीवर पाट घेऊन लिहितोय म्हणून.

अंग मोडून आलं, नाक गळलं, डोळे गळले, पांघरूण ओढू की फेकू कळेना. ते सगळं होऊन गेलं. त्याचं रडगाणं गात नाही. मला तुला सांगायचंय ते बाकाबद्दल.

तिथं सकाळी एक खिडकी उघडते, सात ते नऊ. आत सिस्टर, बाहेर आमची रांग. गोळी हातात देत नाहीत. सिस्टर तिच्यादेखत जिभेखाली ठेवायला लावते. मग समोरच्या लांब बाकावर जाऊन बसायचं. गोळी गिळायची नाही, चावायची नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही, कारण बोललं की थुंकी सुटते, औषध पोटात जातं आणि पोटात गेलं की फुकट. गरम चहा निवायला लागतो साधारण तेवढा वेळ तोंडात गुळणी धरून बसायचं. मग सिस्टरपुढे जाऊन आ करायचा, जीभ वर उचलायची. तिनं मान हलवली की आपण मोकळे.

मी गप्प! ज्याला अख्खा बाजार भोंगा म्हणतो तो मी! टोमॅटोच्या क्रेटवर उभा राहून लिलाव पुकारायला लागलो की पलीकडच्या शेडमधले कांदेवाले आपला भाव विसरायचे. तूच म्हणायचीस, बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात ते ह्यांच्याकडे बघून. पहिल्या दिवशी मी बाकावर बसून शेजारच्या मास्तरला म्हणालो, "काय हो, कडू लागते ना?" सिस्टरनं खिडकीतून अशी नजर टाकली की बाकीचं वाक्य गोळीबरोबरच विरघळलं.

ह्या घशापायीच सगळं सुरू झालं, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? पहाटेपासून ओरडून घसा बसायचा, खोकल्याचं औषध घ्यायचो. एक चमचा, मग झाकण, मग बाटली. दारूच्या थेंबाला शिवलो नाही म्हणून छाती काढून फिरायचो आणि खिशात चेरीच्या वासाची बाटली असायची. डॉक्टरबाई म्हणतात, त्या औषधात अफूच्याच जातीतलं असतं काहीतरी. आता तेच अंगातून काढायचं तर एकदम काढता येत नाही. "पाय मोडला की प्लास्टर घालतो ना, तशी ही गोळी. पाय बरा होईपर्यंत प्लास्टरची लाज वाटून घ्यायची नाही," म्हणाल्या.

लाज नाही वाटत. अडचण वेगळीच आहे. गोळी रोज लागते आणि ती ह्याच खिडकीत मिळते. तुझं गाव एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. निघालो तर दुसऱ्या दिवशीची चुकते. गळ्यात दावं आहे आणि खुंटा इथं ठोकलाय. जितकं दावं लांब तितकंच चरायचं.

नीट वागलो तर पुढं आठवड्याच्या गोळ्या एकदम घरी देतात. त्या मिळाल्या की पहिली बस तुझ्याकडे. तोवर दोन ओळी पाठव. शिव्या असल्या तरी चालतील.

तुझा
भोंगा

१९ मार्च, गुरुवार

अगं ऐकतेस ना,

पत्र आलं नाही. टपाल उशिरा येत असेल, असं मी पोस्टमनला सांगितलं. त्यालाही ते पटलं.

बाजारात परत गेलो, पण क्रेटवर नाही. लिलाव पहाटेपासून नऊपर्यंत आणि खिडकीही नऊपर्यंतच. दोन्ही कसं जमणार? आता काट्यावर असतो. दहानंतर येणारी पोती चढवायची, वजन बघायचं, चिठ्ठी द्यायची. माझ्या जागी अडत्यानं त्याचा भाचा उभा केलाय. तो "बोला, बोला" म्हणतो तेव्हा वाटतं कुणीतरी शेळीचा पाय दाराच्या फटीत धरलाय. मी ऐकतो आणि गप्प बसतो. बघ, प्रगती आहे.

डॉक्टरबाईंकडे दर गुरुवारी अर्धा तास बोलायला बसायचं असतं. मला वाटलं, हा तर माझ्याच धंद्याचा प्रकार! आज त्यांनी विचारलं, "बायको गेली त्या दिवशी काय झालं?" मी सुरू झालो. तू पलंगावर निळी पिशवी भरत होतीस, मी दारात उभा होतो, मी म्हणालो उद्यापासून बंद, मी म्हणालो एकदा शेवटची संधी दे, मी म्हणालो लोक काय म्हणतील, मी म्हणालो तुझ्या दादांनीच तुझे कान भरलेत. सगळं पाठ आहे मला. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि त्या काय म्हणाल्या?"

"कोण?"

"तुमची बायको."

अगं, मला आठवेना. तुझे ओठ हलताना दिसतात. पिशवीची चेन अडकली होती, तू ती ओढत होतीस, तेही दिसतं. पण आवाज नाही. आपल्या जुन्या टीव्हीचा गेला होता, तसा. मी तासभर बोललो असेन त्या दुपारी. तूही काहीतरी म्हणालीस. पुन्हा पुन्हा म्हणालीस, एवढं नक्की. आणि मी टाळ्याला जीभच लागू दिली नाही.

घरी येताना सगळा रस्ता तेच आठवायचा प्रयत्न केला. काही सुचवून बघितलं स्वतःला. "कंटाळले मी" म्हणाली असशील. "पुन्हा तोंड दाखवू नका" म्हणाली असशील. एकही तुझ्या आवाजात बसेना.

ते मला हवंय. कितीही वाईट असलं तरी हवंय. लिहून पाठव ना.

तुझा
भोंगा

५ एप्रिल, रविवार

अगं ऐकतेस ना,

आज रविवार, म्हणजे तुझ्या शिलाई मशीनला तेल घालायचा दिवस. तू नेलं नाहीस, म्हणून मी सांभाळतोय. सगळी भोकं सापडली, चाकाखालचं एक सोडून. तेल घातलं की थोडा वेळ नुसता पाय मारतो. दोरा नाही, कापड नाही, पण तो आवाज घरात फिरतो. तू शाळांचे गणवेश शिवायला बसायचीस तेव्हा मी ओरडायचो, "बंद कर ते, भाव नीट आठवू दे." आता मीच चालवतो. मागच्या रविवारी खालच्या काकूंनी वर येऊन दार वाजवलं. चेहरा फुललेला. "आली का ती?" म्हणाल्या. मी नाही म्हणालो तर मलाच धीर द्यायला बसल्या. शेवटी चहा मलाच करावा लागला.

टेबलाच्या कडेला तुझ्या खडूच्या रेघा अजून आहेत. पुसत नाही. जेवताना ताट थोडं अलीकडे घेतो.

मला तुझी आठवण येते. एवढं सरळ कधी बोललो नव्हतो ना? तोंडानं आजही जमणार नाही बहुतेक, मध्ये काहीतरी विनोद घुसडीन. म्हणून लिहूनच टाकतो. येते, फार येते, आणि सकाळी बाकावर सगळ्यात जास्त येते, कारण तिथं दुसरं काही करताच येत नाही.

बाकावरची मंडळी तशी बरी आहेत. मास्तर आहे, तो गोळी जिभेखाली गेली की डोळे मिटतो. एक ट्रकवाला आहे, तो हातानं स्टिअरिंग फिरवत बसतो. सगळी अळीमिळी गुपचिळी. एक होता त्याला आम्ही गालफुग्या म्हणायचो. परवा तो पकडला गेला. गोळी विरघळू द्यायचीच नाही, गालात सरकवायची, सिस्टरला जीभ दाखवायची आणि गेटाबाहेर जाऊन विकायची, असला उद्योग. सिस्टरनं गालात बोट घालून काढली. तेव्हापासून नियम कडक झालाय. हाक मारली की ताबडतोब तोंड उघडायचं. नाही उघडलं तर गोळी लपवली असंच धरणार आणि घरी गोळ्या न्यायची सवलत पावसाळा संपेपर्यंत बंद.

मला कसली भीती? माझं तोंड नेहमीच उघडं.

आता खरी बातमी. मे महिन्याच्या अकरा तारखेला, सोमवारी, मला पहिल्यांदा आठवड्याच्या गोळ्या मिळणार. डॉक्टरबाईंनी सही केलीसुद्धा. त्याच संध्याकाळच्या बसनं निघतो. दादांनी दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन. काय बोलायचं ते ठरवतोय. मशीनवर पाय मारताना म्हणून बघतो, त्या तालावर चांगलं बसतं.

तुझा
भोंगा

२७ एप्रिल, सोमवार

अगं,

कार्ड मिळालं. तुझं अक्षर! पोस्टमनला दाखवलं. त्यानं तेच आणून दिलं होतं, तरी बघितलं बिचाऱ्यानं.

"तुम्ही येऊ नका. त्याच दिवशी सकाळी मी येते. घरी नाही, दवाखान्यात." बरं. घरी नाही तर नाही. का, ते विचारत नाही. बघ, विचारलं नाही.

फाटकातून आत आलीस की उजवीकडे वळ, औषधांचं दुकान सोड, पाण्याच्या टाकीमागं आमचा वऱ्हांडा. आठनंतर ये. मी सातच्या ठोक्याला पहिला नंबर लावतो, म्हणजे तू येईपर्यंत गोळी विरघळून, जीभ दाखवून मोकळा असेन आणि आपल्याला नीट बोलता येईल. सगळं पाठ केलंय. डावीकडं बस, तिकडं ऊन येत नाही.

भोंगा

११ मे, सोमवार, दुपारी

अगं,

तुझी बस अजून अर्ध्या वाटेतसुद्धा नसेल आणि मी लिहायला बसलो. आज जे झालं तेव्हा तू होतीसच. पण माझ्या बाजूनं ते कसं होतं, ते तुला माहीत नाही.

खिडकी आजच उशिरा उघडली. आतल्या कपाटाची किल्ली दुसऱ्या सिस्टरबरोबर घरी गेली होती. मी पहिला नंबर धरून उभा, किल्ली येईना, आणि तुझी बस मात्र वेळेआधी आली. सिस्टरनं गोळी जिभेखाली ठेवली, मी वळलो, तर टाकीपाशी तू. निळी पिशवी घेऊन.

इतके दिवस पाठ केलेलं सगळं ओठाशी आणि तोंडाला कुलूप. तू बसलीस, मध्ये पिशवी ठेवलीस. "आत्ता बोलता येत नाही ना तुम्हाला?" विचारलंस. मी मान हलवली. "बरं झालं," म्हणालीस. आणि बोलायला लागलीस.

तू म्हणालीस, "मी जाताना काय म्हणाले ते पत्रात विचारत होतात ना? काहीच म्हणाले नव्हते मी. पिशवीची चेन अडकली होती. जरा धरा, म्हणत होते. तीनदा म्हणाले. जरा धरा ना. तुम्ही बोलतच होतात."

एवढंच! मी आयुष्याचा निकाल शोधत होतो आणि ते एवढंच होतं.

तू म्हणालीस, "धरली असतीत तरी मी गेलेच असते. पण धरायला हवी होतीत."

मग तू म्हणालीस, "तुम्ही बोलत असलात की ते खोटं असायचं. गप्प असलात की औषध घेतलेलं असायचं. तुमच्या तोंडाचा वास, उशीचा वास, शर्टाचा वास, मी वासच घेत राहिले. तुम्ही नुसते शेजारी बसलाय आणि मला भीती वाटत नाही, असं कधी झालंच नाही."

गोळी तिथंच संपली असेल. तिचा शेवटचा कडू कण गेला ते मला कळलं. मोकळा होतो मी. जिभेला हाड नसतं, ती तर वळवळायलाच लागली होती. पण तू माझ्याकडे न बघता समोर बघत बोलत होतीस, हळू, मधे मधे थांबून. मला वाटलं, मी आता नुसतं "अगं" म्हटलं तरी तू थांबशील. मग मी तोंड उघडलंच नाही.

तू कारखान्यातल्या कामाचं सांगितलंस, कापडाचे थर एकावर एक लावून कापायचे, हाताखाली चार पोरी. दादांच्या मुलीचे केस तू विंचरतेस ते सांगितलंस. एवढ्यात परत येणार नाही म्हणालीस. "आणि तुम्ही गोळ्या खिशात घालून दादांच्या दारात येऊ नका. तिथं माझं नवं काहीतरी रुजलंय, ते उपटू नका. यायचं झालं तर मी येईन. इथंच, ह्या बाकावर."

तेव्हा सिस्टरनं हाक मारली. "चला, तोंड दाखवा." खिडकीत माझं पाकीट तयार होतं, आठवड्याच्या गोळ्यांचं. मला दिसत होतं. मी हातानं थांबा म्हणालो. तू बोलत होतीस, "कधी कधी तुमचा तो लिलावाचा आवाज..." आणि सिस्टरनं पुन्हा हाक मारली, जरा वरच्या पट्टीत. मी मान हलवली. बाकावरचे सगळे बघायला लागले. तिसऱ्या हाकेला मास्तरनंसुद्धा डोळे उघडले.

आणि तुझा चेहरा बदलला. मी तो चेहरा ओळखतो. उशी उचलून बघायचीस तेव्हाचा. दुधानं पोळलेली तू, ताक फुंकणारच. "ठेवलीय ना तोंडात?" म्हणालीस. "मी इतकं बोलतेय आणि तुम्ही गोळी सांभाळत बसलाय." पिशवी उचललीस आणि निघालीस.

मी धावलो. सिस्टर मागून ओरडत होती, बाक सोडलात तर सवलत गेली म्हणून. फाटकाशी तुला गाठलं आणि माझ्याकडे शब्द नव्हते. अगं, माझ्याकडे! मी नुसता आ केला. पहारेकरी, रिक्षावाले, आतबाहेर करणारी माणसं, सगळ्यांपुढे, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा. तू बघत राहिलीस. मग पिशवी खाली ठेवलीस.

"जीभ वर करा."

केली.

"इकडे वळवा."

वळवली. तू बोट घालून एक गाल ओढून बघितलास, मग दुसरा. तुझ्या बोटाला खडूची चव होती.

"नाही काही," म्हणालीस. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल एवढं चांगलं तू बोलली नव्हतीस.

"मग उघडलं का नाहीत तोंड?"

मशीनच्या तालावर पाठ केलेलं लांबलचक भाषण होतं माझ्याकडे. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. "तू बोलत होतीस," एवढंच म्हणालो.

तू पिशवीतून तिकीट काढलंस, बसची वेळ बघितलीस. चेन पुन्हा अडकली. ओढलीस, सरकेना. मग खाली बघतच म्हणालीस, "जरा धरा."

मी दोन्ही टोकं धरली. नीट धरली ना?

तू गेल्यावर परत जाऊन सिस्टरला जीभ दाखवली. तिनं बघितलं, रिकामी आहे म्हणाली, पण नियम तो नियम. पाकीट परत कपाटात गेलं. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, थोडं हसल्याही, सही मात्र खोडलीच. तेव्हा पावसाळा संपेपर्यंत रोज सकाळी मी इथंच. तुला शोधायला लागणार नाही. डावीकडे माझा टॉवेल टाकलेला असेल.

"कधी कधी तुमचा तो लिलावाचा आवाज..." इथवर आली होतीस. पुढचं राहिलंय. मी अंदाज बांधत नाही. तू सांगशील तेव्हा ऐकेन.

येताना मेणबत्ती घेऊन आलो. चेनीवर घासली की सरकते, असं मशीन दुरुस्त करणारा म्हणाला. ती टॉवेलातच गुंडाळून ठेवली आहे. नवी पिशवी घेऊ नकोस, तीच आण.

तुझा
भोंगा